स्वतः बांधलेल्या विमानातून दूरचा प्रवास : वेग, वारा आणि दिशा यांचा हिशेब

कान्सासकर

मी कान्सास राज्यात, विचिटाच्या थोडा उत्तरेला राहतो. सहा वर्षे घराच्या गॅरेजमध्ये काम करून मी सुट्या भागांच्या संचावरून आरव्ही-९ए हे दोन आसनांचे विमान बांधले आणि गेल्या जुलैमध्ये ते घेऊन विस्कॉन्सिनमधील ऑशकॉशच्या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या मेळाव्याला गेलो. जाताना वाटेत जे घडले त्यावरून एक मुद्दा मनात पक्का झाला आणि तो येथे सविस्तर मांडावा असे वाटले, कारण या मंडळावर विमान बांधणारे आणि बांधू इच्छिणारे बरेच जण आहेत.

मुद्दा असा, की अशा विमानातील मार्गनिर्णय, म्हणजे आपण कोठे आहोत आणि कोणत्या दिशेने जायचे हे ठरवणे, प्रवासाच्या दिवशी सुरू होत नाही. तो चाचणीच्या उड्डाणांत सुरू होतो. कारखान्यात तयार झालेल्या विमानाबरोबर एक पुस्तिका येते आणि अमुक उंचीवर, इंजिनाच्या अमुक शक्तीवर वेग किती आणि ताशी इंधन किती हे तिच्यात छापलेले असते. आपल्या विमानाची पुस्तिका आपणच लिहायची असते. संच बनवणाऱ्या कंपनीचे आकडे तिच्या स्वतःच्या नमुना विमानाचे असतात, आपल्या विमानाचे नव्हेत. माझ्या विमानाला ४० तासांचा चाचणीचा टप्पा ठरवून दिला होता, आणि ते तास नुसते भरून काढण्याचा मोह किती होतो हे ज्यांनी ते भरले आहेत त्यांना ठाऊक आहे. मी त्यांतले बरेच तास तीन गोष्टी मोजण्यात घालवले.

पहिली गोष्ट वेग. वेगमापकाचा काटा दाखवतो तो वेग खरा असतोच असे नाही, कारण तो बाहेरच्या स्थिर हवेचा दाब कोठून घेतला जातो यावर अवलंबून असतो. आरव्ही विमानांत हा दाब शेपटीकडच्या भागात दोन्ही बाजूंना बसवलेल्या साध्या रिव्हेटच्या भोकातून घेतात. त्या रिव्हेटचे डोके किंचित वर आलेले असते आणि तसेच असावे लागते. दिसायला नीटनेटके म्हणून कोणी तेथे पृष्ठभागाशी सपाट बसणारे छिद्र केले की वेग आणि उंची दोन्ही चुकीचे दिसू लागतात. म्हणून मी शांत हवेच्या पहाटे, एकाच उंचीवर आणि एकाच शक्तीवर, चारही दिशांना विमान नेऊन जीपीएसवरचा जमिनीवरील वेग लिहून घेतला. समोरासमोरच्या दिशांचे आकडे जुळवले की वारा हिशेबातून निघून जातो आणि विमानाचा हवेतील खरा वेग उरतो. माझ्या नेहमीच्या काटकसरीच्या शक्तीवर तो १४० नॉट (ताशी सागरी मैल) आला.

दुसरी गोष्ट होकायंत्र. माझ्या विमानाच्या काचेच्या छताला पुढे पोलादी नळीची कमान आहे आणि होकायंत्र मी तिच्याच शेजारी बसवले होते. विमानतळावर जमिनीवर रंगवलेल्या दिशाचक्रावर विमान उभे करून, इंजिन, रेडिओ आणि दिवे चालू ठेवून तपासले, तेव्हा काही दिशांना ते नऊ अंशांनी चुकत होते. जागा बदलल्यावर चूक तीन अंशांच्या आत आली. इंजिन बंद ठेवून ही तपासणी केली तर तिचा उपयोग नाही, कारण वायरीतून वाहणारा प्रवाहही सुई ओढतो.

तिसरी गोष्ट इंधन. टाकी रिकामी करून एकेक गॅलन ओतत काट्यावर खुणा केल्या. या विमानाचे पंख टोकाकडे उचललेले असल्यामुळे आणि काटा हलवणारा तरंगता गोळा टाकीच्या आतल्या बाजूला असल्यामुळे वरचे काही गॅलन संपेपर्यंत काटा हलतच नाही. टाकी भरलेली दिसते, पण असतेच असे नाही. म्हणून माझा विश्वास घड्याळावर आणि ताशी साडेसात गॅलन या मोजलेल्या आकड्यावर जास्त आहे.

आता प्रवासाविषयी. विचिटाहून ऑशकॉशची सरळ रेषा कान्सास सिटीच्या मोठ्या विमानतळाच्या नियंत्रित आकाशातून जाते, म्हणून मी न्यूटनहून निघून काउन्सिल ग्रोव्ह, टोपेका, सेंट जोसेफ आणि तेथून आयोवातील ऑटम्वा असा थोडा पश्चिमेकडून वळसा घेतला. ऑटम्वाला इंधन घ्यायचे होते. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांवर पाचशे फूट अशी उंची ठेवायची असते, त्यानुसार मी ५,५०० फुटांवर होतो.

सेंट जोसेफला मिसुरी नदी ओलांडली. तेथील विमानतळ नदीच्या जुन्या वळणात आहे. १९५२च्या पुरात नदीने ते वळण सोडून सरळ वाट धरली, पण राज्याची सीमा जुन्या पात्राबरोबरच राहिली, त्यामुळे मिसुरी राज्याचा तो तुकडा आज नदीच्या कान्सासकडच्या तीरावर आहे. नदी आणि सीमा एकच समजून नकाशा वाचणारा तेथे नक्की गोंधळेल.

नदी ओलांडल्यावर दहाएक मिनिटांत पॅनेलवरील जीपीएसवर विमानाची जागा दिसेनाशी झाली. दुपारच्या तापलेल्या हवेत विमान सतत हादरत होते आणि अँटेनाच्या केबलचा मी स्वतः जोडलेला सांधा सैल झाला होता, हे नंतर कळले. त्यानंतर थोड्याच वेळात मांडीवरचा टॅब्लेट काचेच्या छताखालच्या उन्हात तापून बंद पडला. उरले ते होकायंत्र, घड्याळ आणि कागदी सेक्शनल (वैमानिकांसाठीचा प्रादेशिक) नकाशा, ज्यावर मी आदल्या रात्री पेन्सिलने रेषा आखून दर दहा सागरी मैलांवर खूण केली होती.

सेंट जोसेफपासून ४८ मैलांवर ती रेषा उत्तर-दक्षिण जाणारा आय-३५ महामार्ग नेमकी बेथनी गावापाशी ओलांडत होती. अंदाजापेक्षा एक मिनिट आधी महामार्ग आला, पण गाव खाली नव्हते. आडवा येणारा ३६ की १३६ क्रमांकाचा रस्ता कोणता याची नकाशावर खात्री केली (तो १३६ होता), आणि त्या दोन रस्त्यांच्या छेदावरचे गाव मला उजवीकडे दिसले. मधले अंतर मी शेतांच्या चौकोनांवरून मोजले. १७८५च्या भूमी कायद्याने या प्रदेशाची मोजणी एकेक मैलाच्या चौकोनांत झाली आणि रस्ते त्याच रेषांवर पडले, त्यामुळे येथील जमीन हाच आलेखाचा कागद आहे. सागरी मैल जमिनीवरच्या मैलापेक्षा मोठा असतो, म्हणून साडेचार चौकोन, म्हणजे सुमारे चार सागरी मैल मी डावीकडे सरकलो होतो. दक्षिणेचा वारा हवामानाच्या अंदाजापेक्षा जोरात होता. एक मिनिट लवकर पोहोचण्याचे कारणही तेच, कारण तो थोडा मागूनही लागत होता.

पुढचा हिशेब साठाच्या नियमाने केला, म्हणजे साठ मैलांत एक मैल बाजूला सरकले तर दिशेची चूक एक अंश. ४८ मैलांत ४ मैल म्हणजे ५ अंश चूक. उरलेल्या ८७ मैलांत ते ४ मैल भरून काढायला आणखी ३ अंश. एकूण ८ अंश उजवीकडे वळलो आणि घड्याळात वेळ लिहिली. बावीस मिनिटांनी समोर रॅथबन सरोवर आले, त्याचे फाटे नकाशाशी जुळले, आणि त्यानंतर दहा-अकरा मिनिटांत डेमॉइन नदीकाठी ऑटम्वा दिसले. जमिनीवर उतरून सांधा दुरुस्त केला.

हा हिशेब जमला तो १४० हा आकडा आणि होकायंत्राचे दुरुस्तीपत्रक (कोणत्या दिशेला ते किती अंश चुकते याची नोंद) खरे होते म्हणून. होकायंत्र पूर्वीच्याच जागी असते तर वारा कोणता आणि चूक कोणती हे मला वेगळे करता आले नसते. इतरांनी आपली विमाने कशी मोजली हे वाचायला आवडेल.

तापीकाठ

कान्सासकर, आपले लेखन दोनदा वाचले. मी वैमानिकाचे प्रशिक्षण धुळ्याला घेतले आणि आता प्रवासी विमान चालवतो, पण मार्गनिर्णयाविषयी मला जे खरोखर येते ते धुळ्यालाच शिकलो. आमच्या प्रशिक्षकांचा एक क्रम ठरलेला होता : आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. आता किती वाजले यावरून नकाशावर बोट ठेवायचे, तेथे काय दिसायला हवे ते मनाशी म्हणायचे आणि मगच खाली पाहायचे. उलट क्रमाने गेले, म्हणजे आधी खाली एखादे गाव पाहून ते नकाशात शोधू लागले, की मन जवळचे कोणतेही गाव जुळवून देते. तलाव लहान असला तर 'उन्हाळ्यामुळे आटला असेल', रेल्वे दिसली नाही तर 'झाडीत असेल', अशी कारणे तत्काळ सुचतात. आपण बेथनीपाशी आडव्या रस्त्याचा क्रमांक नकाशावर तपासूनच गाव मान्य केले, ही आपल्या वर्णनातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे.

आपल्याकडचे चौकोन वाचून हेवा वाटला. खानदेशात तशी आखीव जमीन नाही, पण मोठ्या रेषा आहेत. उत्तरेला सातपुड्याची भिंत, मध्ये तापी, तिच्या दक्षिणेने सुरत-भुसावळ रेल्वे, आणि धुळ्यातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता. परतताना धुके असले तरी दक्षिणेकडचा लळिंगचा किल्ला दिसला की जीव भांड्यात पडायचा. कठीण असायचा तो ऋतूंचा बदल. मे महिन्यात पांझरेसारखी नदी म्हणजे वाळूचा पट्टा असतो आणि धुळीमुळे समोरचे काही मैलच दिसतात. ऑगस्टमध्ये तोच प्रदेश इतका हिरवा होतो, की उन्हाळ्यात ओळखीचे झालेले उघडे माळ आणि टेकड्या सापडत नाहीत, आणि नकाशावर नसलेली पाण्याची डबकी सर्वत्र चमकतात. उलट रावेर-यावलकडे केळीच्या बागा भर उन्हाळ्यातही हिरव्या असतात, आणि त्या काळपट हिरव्या पट्ट्यावरून आम्ही पूर्वेला किती आलो ते ओळखत असू. नकाशा छापणाऱ्याला हे दाखवता येत नाही. ते त्या त्या ऋतूत उडूनच कळते.

सोल्डरवाला

मी कॅलिफोर्नियात विमान बांधत आहे आणि व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. कान्सासकर यांच्या अनुभवाबद्दल आदर बाळगूनही त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. दोन जीपीएस एका तासात बंद पडले, हा त्या तंत्राचा दोष नसून मांडणीचा दोष आहे. दोन्ही साधने वेगवेगळ्या कारणांनी बंद पडली, हे खरे. पण दोन्ही कारणे आधी ठाऊक असलेली होती. टॅब्लेट काचेखाली तापतो हे सर्वांना माहीत आहे, त्याला पंख्याचा वारा देणारा धारक वापरता येतो आणि तो मांडीवर उन्हात न ठेवता पॅनेलच्या सावलीत बसवता येतो. तिसरे साधन म्हणून खिशात फोन असतोच. विमान बांधणाऱ्याने आपला वेळ पेन्सिलीच्या रेषांपेक्षा वेगळी बॅटरी, वेगळी अँटेना आणि नीट जोडलेले सांधे यांवर घालवला तर सुरक्षितता अधिक वाढेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

याशिवाय कागदावर तात्पुरते निर्बंध दिसत नाहीत. मोठ्या सभा, वणवे किंवा नेत्यांचे दौरे यांसाठी आकाशाचा एखादा भाग काही तासांपुरता बंद होतो. त्यात चुकून शिरणाऱ्याला परवाना गमवावा लागू शकतो. टॅब्लेट ते दाखवतो, कागद दाखवू शकत नाही.

कान्सासकर

सोल्डरवाला, आपले दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत आणि परतल्यावर मी नेमके तेच केले. अँटेनाची केबल नव्याने जोडून तिला आधार दिला, टॅब्लेट सावलीत हलवला आणि पॅनेलवरील मुख्य पडद्याला स्वतंत्र बॅटरी दिली. तात्पुरत्या निर्बंधांविषयी तर निघण्यापूर्वीची माहिती आणि वाटेत रडार नियंत्रकाशी रेडिओवर संपर्क, हे दोन्ही मी नेहमीच ठेवतो. त्या दिवशीही मी संपर्कात होतो आणि जागा पूर्ण हरवली असती तर संकोच न करता त्यांना विचारले असते. हरवल्यावर आधी ते कबूल करणे, मग उंची घेणे आणि मग बोलणे, हा जुना क्रम मला योग्य वाटतो, कारण उंचीवर गेले की दिसते अधिक आणि रेडिओ व रडार दोन्ही पोहोचतात.

माझा मतभेद एवढाच आहे, की जीपीएस आपण कोठे आहोत ते सांगते, पण तेथे त्याच वेळी असणे योग्य आहे का, हे सांगत नाही. समजा जमिनीवरील वेग १२५ दिसला. तो समोरचा वारा आहे, की इंजिनाचा एक सिलिंडर नीट काम करत नाही, की मी स्वतः शक्ती कमी ठेवली आहे? हवेतील वेग १४० असायला हवा हे ज्याने मोजलेले आहे त्यालाच हा प्रश्न पडेल. इंधन पुरेल की नाही याचे उत्तरही त्याच प्रश्नात आहे. दिवसा उतरताना अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक असले पाहिजे असा येथील नियम आहे. मी स्वतः एका तासाचे ठेवतो, कारण माझे आकडे मी एकट्याने मोजलेले आहेत आणि ते तपासायला कारखाना नाही.

पर्वतीपायथा

मी पुण्यात राहतो, यंत्र अभियंता आहे आणि विमान बांधलेले नाही, पण अनेक वर्षे मनात आहे. दोन शंका आहेत. साठाचा नियम साठाचाच का? आणि आपल्याकडे असे विमान बांधून एखाद्याला धुळ्याहून, समजा, नागपूरला जाता येईल का?

तापीकाठ

पहिली शंका सोपी आहे. ६० मैल त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचा परीघ सुमारे ३७७ मैल होतो आणि वर्तुळाचे अंश ३६० असतात, म्हणून मध्यातून एक अंश चुकले की ६० मैलांवर साधारण एक मैल बाजूला पडतो. जी किंचित तफावत राहते ती हातातल्या पेन्सिलीच्या जाडीएवढी आहे. लहान कोनांपुरते, म्हणजे पंधरा-वीस अंशांपर्यंत, हे बिनधास्त वापरावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर लांब आहे आणि त्यात थोडी खंतही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ते २०१६ साली मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात सर्वांनी पाहिले, आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. बांधण्यापेक्षा नोंदणीसाठीची चिकाटी मला त्यात मोठी वाटते. अमेरिकेत हौशी बांधणीसाठी जी रुळलेली वाट आहे, तशी आपल्याकडे रुळलेली नाही. समजा विमान तयार झाले, तरी प्रवासासाठी उड्डाण योजना देऊन हवाई संरक्षण विभागाचा मंजुरी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक घ्यावा लागतो. 'आज हवा छान आहे, निघू या' असे कान्सासकरांप्रमाणे म्हणता येत नाही. पिस्टन इंजिनाचे पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळते, म्हणून आपल्याकडे मार्ग आखताना पहिली रेषा इंधनाच्या ठिकाणांवरून काढावी लागते. धुळ्याहून नागपूर तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यातून रेल्वेच्या सोबतीने जाता येते आणि नजरेने वाट शोधण्यासाठी तो उत्तम मार्ग आहे, हे मात्र खरे.

हे अशक्य नाही एवढे आठवण्यासाठी सांगतो : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते एक इंजिनाच्या पस मॉथ विमानातून, रेडिओशिवाय. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची, म्हणून ती सेवा त्या महिन्यांत पुण्याहून चालवावी लागे.

पर्वतीपायथा

मनःपूर्वक आभार. वर्तुळाचे स्पष्टीकरण वाचून नियम आता विसरला जाणार नाही. कान्सासकर, ऑशकॉशला उतरण्याविषयी आपण काही लिहिले नाही. तेथे हजारो विमाने येतात असे ऐकले आहे. तेथे वाट कशी सापडते?

कान्सासकर

ते मुद्दाम वेगळे ठेवले होते, कारण तेथे सारा क्रम उलटतो. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचा हा मेळावा १९७० पासून ऑशकॉशला कायमचा भरतो, आणि त्या आठवड्यात तेथील नियंत्रण मनोरा जगातील सर्वांत गजबजलेल्या मनोऱ्यांत मोजला जातो. त्यासाठी दरवर्षी एक सविस्तर सूचनापत्र निघते आणि ते छापून मांडीवर ठेवावे लागते.

ऑटम्वाहून निघून मी दुब्यूकपाशी मिसिसिपी ओलांडली. होकायंत्राच्या दृष्टीने हा टप्पा पाहण्यासारखा आहे, कारण कान्सासमध्ये चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या काही अंश पूर्वेला असते आणि विस्कॉन्सिनला पोहोचेपर्यंत ते पश्चिमेला जाते. मधे कोठेतरी दोन्ही एकच होतात. म्हणजे एकाच प्रवासात जे अंश आधी वजा करायचे तेच नंतर मिळवायचे असतात, आणि थकलेल्या वैमानिकाची चूक नेमकी येथे होते. मी प्रत्येक टप्प्याची चुंबकीय दिशा आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती.

रिपन या गावापाशी सर्वांनी एका रांगेत यायचे, पुढच्या विमानापासून अर्धा मैल अंतर ठेवायचे आणि तेथून ईशान्येला फिस्कपर्यंत रेल्वेच्या रुळांवरूनच जायचे. उंची १,८०० फूट, वेग ९० नॉट. ज्यांना एवढे हळू उडता येत नाही त्यांच्यासाठी २,३०० फूट आणि १३५ नॉट. येथे माझे विमान ९० नॉटला किती शक्ती मागते आणि नाक किती वर ठेवते, हे चाचणीत मोजलेले फार उपयोगी पडले, कारण त्या दहा मैलांत आत पाहायला वेळ नसतो. पडद्यावर आजूबाजूची इतकी विमाने दिसतात, की मी तो पाहणेच सोडले. डोळे पुढच्या विमानावर आणि खाली रुळांवर.

फिस्कला टेकडीवर बसलेले नियंत्रक दुर्बिणीतून पाहतात आणि विमानाच्या रंगावरून व आकारावरून बोलावतात. उत्तर रेडिओवर द्यायचे नसते. 'पांढरे, खाली पंख असलेले विमान, पंख हलवा,' अशा अर्थाची सूचना आली, मी पंख हलवले, आणि मला धावपट्टी २७ व तिच्यावरील हिरवा ठिपका मिळाला. एकाच धावपट्टीवर रंगीत ठिपके असतात आणि दोन-तीन विमाने एकापाठोपाठ आपापल्या ठिपक्यावर उतरतात.

सोल्डरवाला

कान्सासकर, आपल्या मागील उत्तरानंतर मी शनिवारी विमानतळावर विमान ढकलत नेऊन दिशाचक्रावर तपासले. माझेही होकायंत्र पोलादी कमानीपाशीच आहे. उत्तरेला दोन अंश, पण पूर्वेला अकरा अंश चूक निघाली, आणि लँडिंगचा दिवा लावल्यावर ती आणखी दोन अंशांनी वाढली. दिव्याची परतीची वायर मी वेगळी न ओढता सांगाड्यातूनच नेली होती. जीपीएसविषयीचे माझे मत तेच आहे, परंतु या चुकीचा मला पत्ताही नव्हता, हे मान्य करतो. आपण होकायंत्र नेमके कोठे हलवले?

कान्सासकर

पॅनेलच्या वरच्या पत्र्यावर, मध्यभागी, कमानीपासून जितके पुढे नेता येईल तितके. बसवायचे स्क्रू पितळेचे वापरा. माझ्याकडून पहिल्यांदा पोलादी वापरले गेले होते. दिव्याची परतीची वायर वेगळी ओढून मूळ वायरीबरोबर पीळ देऊन न्या, म्हणजे दोन्हींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतील. त्यानंतर सर्व उपकरणे आधी चालू आणि मग बंद ठेवून दोन वेगळी दुरुस्तीपत्रके करा. रेडिओ चालू असतानाचे पत्रक होकायंत्राजवळ चिकटवा, दुसरे नकाशाच्या खणात ठेवा.